गच्चीवरची छत्री

छत्री उघडून चादरी वाळत घालणारा माणूस तिने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, आणि पाहिला तो नेमका स्वतःचा थोरला निघाला. भर दुपारी, घरच्या धुलाईच्या दुकानाच्या गच्चीवर, एका हातात काळी छत्री, दातांत चिमटे, आणि दुसऱ्या हाताने हॉटेलची ओली चादर दोरीवर टाकायची धडपड. निम्मी चादर दोरीवर, निम्मी खाली लोळतेय, आणि छत्री वाऱ्याने उलटायला आलेली. शेजारच्या गच्चीवर टाकी दुरुस्त करणारे दोघे पाना बाजूला ठेवून मजा बघत होते. पाऊस आला की काय आणि आपल्यालाच कळलं नाही, असं वाटून तिने चक्क तळहात पुढे केला. ऊनच होतं. लखलखीत, कोरडं, कापडाचा महिन्याचा पिवळेपणा एका दुपारी खाऊन टाकेल असं. असल्या उन्हात छत्री धरायची म्हणजे भरल्या ताटावरून उठण्यासारखं. "काय रे, चादरींना सर्दी होईल म्हणून धरलीस?" ती जिन्याच्या तोंडातूनच ओरडली. "खाली ये. लोक हसतायत." तो दातांतल्या चिमट्यांमधून काहीतरी पुटपुटला आणि बोलता बोलता त्याने मान अशी वळवली की डावा कान छत्रीच्या आड गेला. हसणाऱ्यांचं तिला काही नव्हतं, त्यांना ती पुरून उरली असती. पण ती मान. दोन आठवडे तो जेवायलासुद्धा डावी बाजू भिंतीकडे करून बसत होता, आणि तिने विचारलं की सून मध्येच म्हणायची, "आई, भाजी वाढू?" लहानपणी काचेचा पेला फोडला तर तुकडे ओंजळीत घेऊन स्वतः दाखवायला येणारा हा मुलगा. आता या वयात त्याला लपवाछपवी सुचली होती, आणि तीही तिच्यापासून, जिने त्याला स्वतःच्या कुशीतलं काढून दिलं होतं.

तिने जवळ जाऊन छत्रीची दांडी धरली आणि खाली ओढली. कानाच्या वरच्या कडेला पांढरी पट्टी होती, आणि पट्टीच्या खालून, जिथे कान गालाला चिकटतो तिथे, तांदळाच्या दाण्याएवढी खडबडीत खपली. "हे काय?" "काही नाही, आई. एक काढली, दुसरी आली. आज दाखवायचीच आहे." काढली म्हणजे काय काढली, कुणी काढली, कधी काढली, हे सगळं त्याने एका वाक्यात गुंडाळलं, चुरगळलेला टॉवेल घाईने कपाटात कोंबावा तसं. "दवाखान्यात आज मी येणार," ती म्हणाली. मागून आलेली सून म्हणाली, "आई, तिथे फार वेळ बसावं लागतं, तुमचे पाय…" "पाय माझे आहेत. मी बसवीन त्यांना." सुनेने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने दोरीकडे. त्या दोघांमध्ये काहीतरी ठरलेलं होतं आणि ते तिच्या घरात, तिच्या गच्चीवर, तिला वगळून ठरलेलं होतं. तिला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या तळाशी दुसरंच काहीतरी गार लागलं, भट्टीच्या खोलीतून एकदम बाहेर आल्यावर ओल्या पाठीला लागतं तसं.

ऊन या घरात नोकरीला होतं असं तिचा नवरा म्हणायचा, आणि सगळ्यांत इमानी नोकर तोच, कधी रजा मागितली तरी आधी ढग पाठवून कळवतो. नवरा गेला, पण त्याचं बोलणं राहिलं. शाळा तिची लहानपणीच सुटली. वाचायचं म्हणजे कापडाच्या कोपऱ्यावरच्या खुणा तेवढ्या तिला वाचता यायच्या, कुठली चादर कुठल्या हॉटेलची. पण डाग तिला वाचता यायचे. चहाचा, रक्ताचा, लोखंडाचा, घामाचा, माणूस आजारी असताना येणाऱ्या घामाचा. जो डाग साबणाला दाद देत नाही, सोड्याला देत नाही, त्याला लिंबू चोळून दोरीवर टाकायचा आणि विसरून जायचं. ऊन त्याचं त्याचं बघून घेतं. वर्षांपूर्वी त्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर थोरला घरी आला तेव्हा तोही असाच पिवळा होता, कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या अभ्र्यासारखा. तिने याच गच्चीवर, चादरींच्या दोन रांगांच्या मध्ये, वेताची खुर्ची टाकली आणि त्याला बसवलं. वरून ऊन, दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या कापडावरून उलटून आलेलं ऊन, मध्ये तिचा मुलगा. त्याचा चेहरा हळूहळू उमलला. गालांवर रंग आला. ती इस्त्री करणाऱ्या वाफ्याला बोलावून दाखवायची, "बघ, धुऊन काढला की नाही?" आणि वाफ्या, ज्याचं खरं नाव वाफेत विरून गेल्याला जमाना झाला होता, म्हणायचा, "मालकीणबाई, आता कांजी घाला, म्हणजे ताठ उभा राहील." तो ताठ उभा राहिला. गच्चीचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. इतकी वर्षं तो उन्हात उभा होता आणि तिला खाली भट्टीजवळ बसून वर त्याच्या पावलांचा आवाज आला की बरं वाटायचं. तो आवाज तिला दोन माणसांचा वाटायचा. एक तो, आणि एक त्याच्या पोटात चालणारी ती.

ती म्हणजे किडनी. घरात तिचं नाव कुणी घेत नसे, नुसतं 'ती' म्हणत. नवऱ्याला साखर होती, धाकट्याची जुळली नाही, आणि तिची अशी जुळली की तपासणाऱ्या बाईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा तिला अजून अभिमान होता. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो, त्याला लघवी झाली का. नर्स हसली आणि म्हणाली, अहो, टेबलावरच सुरू झाली, पिशवी भरली. ही गोष्ट तिने नंतर किती जणांना सांगितली असेल. हॉटेलच्या मॅनेजरला, साबणवाल्याला, लग्नसमारंभात ओळख नसलेल्या बायकांना, जेवता जेवता, त्या घास हातात धरून ऐकत असताना. "माझी किडनी आहे, बसून खाणाऱ्यातली नाही. गेल्या गेल्या कामाला लागली." थोरला अशा वेळी मान खाली घालायचा. तिला वाटायचं, लाजतोय. तिच्या उजव्या कुशीखाली जुन्या शिवणीसारखा एक व्रण होता आणि कधीकधी, विशेषतः तो पायऱ्या चढताना, तिथे कुणीतरी आतून टकटक केल्यासारखं होई. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर हसले असते.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, केस मागे घट्ट बांधलेले, बोटं गार. तिने थोरल्याचा कान भिंगातून पाहिला, मग मानेवर बोटं फिरवून गाठी चाचपल्या, मग त्याचे हात उलटेपालटे केले, आणि त्या हातांवर एवढे बारीक खडबडीत ठिपके होते हे आईला तिथे, त्या परक्या दिव्याखाली, पहिल्यांदा दिसलं. रोज त्याच हातांतून ती चहाचा कप घेत होती. "पहिली काढायच्या आधी किती दिवस होती हो?" डॉक्टरने विचारलं. "बरेच," तो म्हणाला. "वाळून पडेल म्हणून उन्हात धरायचो." "उन्हात?" "दुपारी काम झालं की कान वर करून बसायचो थोडा वेळ. आमच्याकडे डाग असाच काढतात."  डॉक्टरने भिंग हळूच टेबलावर ठेवलं. आई खुर्चीत सावरून बसली. हे तिनेच सांगितलं होतं का? खपली झालीय रे, ऊन लागू दे तिला, असं कधीतरी जिन्यातून ओरडून, हातातलं काम न थांबवता? तिला आठवेना. आवाज तिचाच ऐकू येत होता, शब्दही तिचेच होते, पण ती असं याच्याबद्दल म्हणाली की एखाद्या अभ्र्याबद्दल, ते काही केल्या वेगळं होईना.

"आजी, तुम्हाला कुणी समजावून सांगितलंय का?" डॉक्टर तिच्याकडे वळली. "आजी म्हणू नका. तुमच्याएवढी नात नाही मला. आणि नाही सांगितलं. घरात मला भाजी वाढतात." थोरला हसला, मग हसणं गिळलं. डॉक्टरने खुर्ची जवळ ओढली. ती सांगत होती ते सोपं होतं, शब्द सगळे ओळखीचे होते, तरी एकेक शब्द कळून सगळं मिळून कळत नव्हतं. आपल्या अंगात पहारेकरी असतात. जे आपलं नाही ते दिसलं की ते त्याच्यावर तुटून पडतात. तुमची किडनी याच्या अंगात गेली, ती त्यांना परकी दिसते, म्हणून याला जन्मभर गोळ्या आहेत. गोळ्या त्या पहाऱ्याला गुंगी आणतात. तोवर ठीक. पण उन्हाने आपली कातडी रोज थोडी थोडी बिघडते, तुमची, माझी, सगळ्यांची, आणि बिघडलेले कण हे पहारेकरीच एरवी उचलून फेकून देतात. याचे पेंगतायत. शिवाय याच्या गोळ्यांपैकी एक जुनी गोळी अशी आहे की तिने कातडीला ऊन जास्तच झोंबतं. आणि हा तर वर्षानुवर्षं पांढऱ्या चादरींच्या मध्ये उभा. म्हणून हे. "हे म्हणजे?" "कॅन्सर. कातडीचा. वेळेवर काढला तर बहुतेकदा आटोक्यात राहतो. पण यांच्यासारख्यांना तो पुन्हा पुन्हा येतो, आणि कानावरचा मानेत उतरू शकतो."

तो शब्द खोलीत पडला आणि तिने तो उचलला नाही. ती मागच्याच एका शब्दाशी अडली होती. "परकी?" ती म्हणाली. "माझी किडनी? याच्या अंगाला परकी?" "अंगाला नातं कळत नाही." "नऊ महिने हा माझ्या आत होता. मी कुठे याला हाकलला?"  डॉक्टर म्हणाली, "नाही हाकलला. बाळाला शरीर सांभाळून घेतं, त्याची तजवीज वेगळी असते. उलट्या दिशेने ती नसते." उलट्या दिशेने. म्हणजे आई मुलाला पोटात ठेवून घेते आणि मुलगा आईला नाही. हे कुणी ठरवलं? इतकी वर्षं तिला वाटत होतं, ती आत सुखाने नांदतेय, घरच्यासारखी, लोकांना तिने तसंच सांगितलं होतं. आणि तिच्या मुलाचं अंग रोज सकाळी उठून तिला धक्के मारून बाहेर काढायला निघत होतं, आणि रोज सकाळी तो पाण्याबरोबर गोळी गिळून त्याला गप्प बसवत होता. चोर आत यायला दार उघडं राहिलं ते तिच्यासाठी. मग चोर कोण? ऊन? त्याने तर सगळ्यांवर सारखंच केलं. गोळी? गोळी नसती तर तो कधीच गेला असता. की ती? तिला एकदम उजव्या कुशीत रिकामं रिकामं वाटलं, कपाट उघडावं आणि आत ठेवलेलं नसावं तसं.

"उपाय आहे," डॉक्टर म्हणत होती. "गुंगीची मात्रा थोडी कमी करायची, ती जुनी गोळी बंद करून दुसरी सुरू करायची. नव्या गोळीवर हे कातडीचं दुखणं कमी होतं. यांना मागच्या खेपेला सांगितलं, त्याच्या आधीही सांगितलं." "मग?" "ते नको म्हणतात." आईने थोरल्याकडे पाहिलं. तो समोरच्या भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत होता. "का रे?" "मात्रा कमी केली तर ती जाऊ शकते, आई," तो म्हणाला. "फार नाही," डॉक्टर म्हणाली, "आम्ही रक्त तपासत राहू. पण धोका नाहीच असं मी म्हणणार नाही." "ती गेली तर?" आईने विचारलं. "तर पुन्हा डायलिसिसच्या यंत्रावर. पुन्हा दुसरी शोधायची." "बघितलंस?" तो आईला म्हणाला, डॉक्टरला नाही. "कान काय, कापतील. अजून कापतील. मी छत्री धरतोय, लांब बाह्या घालतोय, वर जाणं कमी करतोय. पण ती तू दिलेली आहे." आणि एवढं बोलून त्याने नकळत हात पोटाच्या खालच्या बाजूला ठेवला, आणि त्या ठेवण्यात एवढी अदब होती, दुसऱ्याची किमती वस्तू आपल्याकडे ठेवायला दिल्यावर माणूस ठेवतो तशी, की तिला नजर दुसरीकडे न्यावी लागली.

परत येताना दोघं चालत निघाले, कारण बसथांब्यावर सावली नव्हती आणि समोरच्या फुटपाथवर होती. ती उन्हातून चालत होती, तो भिंतीच्या कडेने. हे थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं आणि ती मुद्दाम त्याच्या बाजूला गेली, त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये, पण तिची उंची त्याच्या खांद्याला पुरत होती, ती कसली सावली देणार. ऊन सगळीकडे होतं. दुकानांच्या काचांत होतं, उभ्या गाड्यांच्या टपांवर होतं, सायकलवाल्याच्या घंटीत एवढंसं होतं. इतकी वर्षं ती ज्याला ओळखत होती तोच का हा, की दोघे होते आणि तिने एकालाच चहा पाजला? तिने आपले हात पुढे करून पाहिले. सुरकुतलेले, ठिपक्यांचे, पण जाडजूड, काही झालेलं नव्हतं त्यांना. तिचा पहारा जागा होता. त्याचा पेंगत होता, तिच्या पायी. आणि तो म्हणत होता कान कापू दे. तिने स्वतःला विचारलं, तुला हे ऐकून वाईट वाटलं की बरं वाटलं? खरं सांग. आणि त्या गर्दीत, एका भांड्यांच्या दुकानासमोर, तिला कळलं की क्षणभर बरं वाटलं होतं. दवाखान्यात त्याने पोटावर हात ठेवला तेव्हा, अगदी क्षणभर, लग्नसमारंभातल्या बायकांना सांगताना छाती जशी भरून यायची तशी आली होती. बघा, जीव गेला तरी माझी सोडणार नाही.  ती थांबली. "दमलीस?" त्याने विचारलं. "मी कशाला दमतेय? एक कमी घेऊन तुझ्याआधी जिना चढते." हे वाक्य ती नेहमी म्हणायची. आज ते तोंडातून बाहेर आलं आणि तिला ते दुसऱ्याच कुणा बाईचं वाटलं, फार बोलणाऱ्या, कंटाळवाण्या बाईचं. तो मान खाली घालून हसला. लाजत नव्हता तो. इतक्या वर्षांत कधीच लाजत नव्हता. ओझं उचललेल्या माणसाची मान खाली असते तशी ती मान होती.

इस्त्रीच्या खोलीत वाफ दाटली होती. दिवसाही तिथे दिवा लागायचा. सुनेने पाणी आणलं आणि दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत उभी राहिली. वाफ्याने इस्त्री उभी केली. "काय म्हणाले डॉक्टर?" सुनेने विचारलं. "तुला माहीत आहे ते," ती म्हणाली, पण आवाजाला नेहमीची धार नव्हती, आणि सून घाबरली ती त्यामुळेच. "तूही याला सांगितलंस ना, गोळ्या बदल म्हणून?" सुनेने पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. "सांगितलंस की नाही?" "सांगितलं. भांडलेसुद्धा, आई. ते म्हणाले, आईला काय तोंड दाखवू." सुनेने पदराने डोळे पुसले. "मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्हीपण नकोच म्हणाल. तुमची आहे ना ती." वाफ्या उगीच एका घडीवर हात फिरवत राहिला. थोरला बाकावर बसला होता, डावा कान आता तिच्या बाजूला, लपवायचं काही उरलं नव्हतं म्हणून उघडा. पट्टीवर उन्हाचा नाही, दिव्याचा उजेड होता. तिला त्याचा पिवळा चेहरा आठवला, गच्चीवरची खुर्ची आठवली, नर्सने सांगितलेली ती भरलेली पिशवी आठवली, आणि या सगळ्यात तो कुठे होता ते तिला आठवेना. तिने सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीत किडनी होती, ती स्वतः होती, ऊन होतं. तो बसलेला असायचा. ती गेली तर? पुन्हा सुया, पुन्हा यंत्र, आणि द्यायला तिच्याकडे आता दुसरी नाही. बदलून वाचेल की बदलून जाईल, कुणीच हमी देत नव्हतं, ती शिकलेली डॉक्टरसुद्धा नाही. काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की तो तिच्या तोंडाकडे बघत होता आणि ती नको म्हणेल याची वाट बघत होता, म्हणजे त्याला सुटल्यासारखं झालं असतं.

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि हनुवटी धरून त्याचं तोंड वर केलं. लहानपणी नाक पुसायला करायची तसं, जरा जोरातच.

"उद्या जाऊन गोळ्या बदलून यायचं," ती म्हणाली. "राहिली तर राहिली, गेली तर गेली, मला विचारायला यायचं नाही. लोकांत मिरवले मी, ती माझी हौस होती, तू कशाला खरी धरलीस? गाढवा, मी किडनी दिली ती तू जगावंस म्हणून. तिला जगवायला तुला ठेवलेला नाही."